लोलकाला दिसलेली चीर

फार वर्षांपूर्वी एका ओताऱ्याने एकाच साच्यातून दोन घंटा ओतल्या. थोरली नदीकाठच्या देवळात लागली, धाकटी टेकडीवरच्या. दोघींचा आवाज अगदी सारखा.

"साच्याचा गुण आहे हो!" धाकटी मिरवायची.

तिच्या पोटातला लोलक एकदा भीत भीत म्हणाला, "बाई, साच्यात खोटही होती. तुमच्या आत चीर आहे. बाहेरून नाही दिसत, मला रोज दिसते."

"माझ्या पोटात राहून मलाच नावं ठेवतोस? गप्प बस!"

लोलकाची धास्ती मात्र गेली नाही. ती फुटली, तर त्याला तरी कुठे थारा होता?

एके दिवशी सांजआरतीला थोरलीचा टोल घुमता घुमता चिरकला. खाली नदीकाठच्या देवळात फरशीवर काहीतरी जड आदळलं.

"लोलका," धाकटी म्हणाली, "केवढी आहे रे चीर?"

तेवढ्यात तिच्या देवळातल्या पुजाऱ्याने टोल द्यायला दोरी धरली.