काळूची नसलेली स्क्रीन

त्या दिवशी बंदरावर ऊन लख्ख पडलं होतं, पण वारा दक्षिणेकडून वळला होता आणि दुपारी होड्या सुटायच्या होत्या. गोष्ट आहे बऱ्याच वर्षांमागची. मच्छीमारांच्या कचेरीत फळीवर काळू नावाचा सर्व्हर राहायचा. त्याला ना स्क्रीन, ना माऊस. वाऱ्याचा नकाशा मिळवून होडीवाल्यांच्या फोनवर धाडायचं, हे त्याचं काम.

तो नकाशा फक्त ब्राउझरलाच उघडता यायचा. काळूनं ब्राउझरला बोलावलं, तर तो दारातच अडला. "काळूदादा, तुमच्याकडे स्क्रीनच नाही. मी चित्र काढू कशावर?"

शेजारच्या टेबलावरचा स्क्रीनवाला संगणक खदखदून हसला. "अरे काळ्या, पाहुणा बोलवायच्या आधी घर तरी सजवावं! माझ्या स्क्रीनवर आहे तशी रंगीत भिंत आण, घड्याळ टांग, चित्रं मांड!"

काळूनं सजवायला घेतलं. अर्ध्यातच त्याला धाप लागली, पंखा घरघरायला लागला. तेव्हा त्यानं सगळं खाली ठेवलं.

"पाहुण्या, इथं बघायला बसलंय कोण? माझ्या मेमरीत स्क्रीनएवढी जागा मोकळी करतो. तीच स्क्रीन समज नि काढ."

ब्राउझर जरा बिचकला, पण त्यानं नकाशा काढला. एका कोपऱ्यात वादळाचा भोवरा उमटला. काळूनं लगेच त्याची प्रत सगळ्या फोनांवर धाडली, आणि होड्या किनाऱ्यालाच राहिल्या.

संध्याकाळी वादळ गरजत आलं, तसा शेजारचा संगणक हळूच म्हणाला, "काळूदादा, ती तुमची नसलेली स्क्रीन मलाही एकदा दाखवा की!"