स्वच्छ माळ

जुईने गाडीच्या खिडकीतून विचारले होते, "आई, पवनचक्क्या चांगल्या की वाईट?" मी "चांगल्या" म्हणाले. मग तिने विचारले, "मग त्यांच्याखाली पक्षी का नाहीत?" त्या प्रश्नाने माझी रात्रभर झोप उडवली. दोन पदव्या घेतलेल्या बाईला एवढे सांगता येऊ नये? शेवटी दुसऱ्या दिवशी गोष्टच रचली. मुलांनो, ती तुम्हालाही सांगते. जमली नसेल तर आईला नावे ठेवा.

जंगल जिथे संपते तिथे एक उघडा माळ होता, आणि त्या माळावर एक माळढोक आई आपल्या एकुलत्या एका पिल्लासह राहत असे. माळढोक म्हणजे अंगाने जड पक्षी. त्याला आजूबाजूचे सगळे दिसते, पण उडताना नाकासमोरचे उशिरा दिसते. त्या वर्षी कोळशाच्या धुराने जंगल खोकू लागले, म्हणून दूर राजधानीतल्या सिंहाने माळावर पवनचक्क्या उभारल्या. धूर निवळला. पवनचक्क्यांमागून वीज वाहून नेणाऱ्या तारा आल्या, आणि कातरवेळी त्या तारा गुणगुणू लागल्या. सिंह काही वाईट नव्हता. पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून त्याने त्यांवर चकचकीत चकत्या टांगायला सांगितले. गाठी मारायला सुगरण पक्षी नेमले आणि त्यांच्यासाठी सरकारी कोठारातून बाजरी येऊ लागली. दोरे पावसात कुजत, सुगरणी पुन्हा नवे बांधत. पण अर्ध्याच तारा झाल्या होत्या. उरलेल्यांसाठी बाजरी द्यायची की नाही, हे ठरवायला राजधानीहून बगळा आला.

बगळेसाहेब तळ्यावर पोटभर न्याहारी करून, ऊन चढल्यावर माळावर पोचले. तारांखाली एक कोल्हा बसला होता. चांगलाच गुटगुटीत.

"काय रे, इथे पक्षी मरतात म्हणे?"

"तुम्हीच बघा ना, साहेब," कोल्हा ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला. "एक पीस तरी दिसतंय का?"

खरेच दिसत नव्हते. गवत नुसते विंचरल्यासारखे होते.

माळढोक धावत आली. "साहेब, माझी बहीण गेली. शेजारीणही गेली. संध्याकाळी उडाल्या त्या परत आल्याच नाहीत."

"कुठे आहेत त्या?"

"तेच तर. सकाळी काहीच नसतं."

"हे बघा बाई," बगळा एका पायावरून दुसऱ्या पायावर जात म्हणाला, "नाहीसे झालेले वेगळे आणि मेलेले वेगळे. मला मेलेले मोजायला पाठवलंय."

त्याने राजधानीत जाऊन सांगितले, की माळावर कोणीही मरत नाही. सिंहाला आनंद झाला. ज्याची गरज नाही त्यावर बाजरी कशाला? कोठाराचे दार बंद झाले. सुगरणी दोन दिवस थांबल्या, मग पिल्लांची पोटे घेऊन दूरच्या शेतांकडे निघून गेल्या. पाऊस आला, दोरे कुजले. एकेक चकती सुटून गवतात पडू लागली. वारा नसतानाही कुठेतरी टण् असा आवाज यायचा आणि माळढोक पिल्लाला पंखाखाली ओढायची.

"आई, मला आता उडता येतं," पिल्लू म्हणायचे.

"तारांकडे नाही हं, राजा."

"कुठल्या तारा?"

ती काय दाखवणार? तिला तरी त्या कुठे दिसत होत्या!

एका संध्याकाळी ती दाणे टिपत असताना पिल्लू उडाले. तिने मान वर केली तेव्हा ते उंच गेले होते, आणि तिला क्षणभर अभिमानच वाटला. तारांची गुणगुण थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

तिने अंधारात हाका मारल्या. उजाडताच गवताचे पातेन् पाते उलटे केले. गवतावर दव होते, आणि दवात चार पावलांची एक वाट उमटली होती. वाटेच्या टोकाला कोल्हा पंजाने तोंड पुसत बसला होता.

"काय शोधताय, ताई?" तो मायेने म्हणाला. "इथे तर काहीच नाही."

आणि खरेच, माळ अगदी स्वच्छ होता. पवनचक्क्या संथ फिरत होत्या. पुढल्या वर्षी बगळा आला, तेव्हा त्याच्याकडे तक्रार करायलाही कोणी उरले नव्हते. त्याने कळवले, "माळावर शांतता आहे."

तात्पर्य : चांगल्या कामातून होणारे नुकसान टाळण्याची सोय बंद करण्याआधी, नुकसान खरेच थांबले आहे की कोणी ते पुसून टाकते आहे, हे पाहावे.

एवढे सांगून मी जुईच्या अंगावर पांघरूण ओढले. असली गोष्ट ऐकून मूल शांत झोपेल असे मला का वाटले, कोण जाणे. ती पांघरूण सारून उठून बसली. मग म्हणाली, "आई, उद्या मला लवकर उठव. आपण त्या तारांखाली जाऊ. कोल्ह्याच्या आधी."