रोज पाच वाजता, ओटीवर
हेरंब साने म्हणजे पुण्यातल्या एका कंपनीचे बडे साहेब. चिपळूणला आईकडे जायचं ठरायचं आणि दर वेळी सेक्रेटरीचा तिला मेल जायचा, भेट पुढे ढकलली आहे. शेवटी आईने फोन केला.

साहेब म्हणाले, "आई, माझ्या कॅलेंडरात नसलेली गोष्ट होत नाही. तू रीतसर इन्व्हाइट पाठव."

आई पोस्टातून निवृत्त झालेली. रीतसर म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या कॅलेंडरात पुढच्या सगळ्या संध्याकाळी भरून गेल्या. रोज पाच वाजता, ओटीवर, चहा. खाली आईने लिहिलं होतं:

"मी रोज तिथे बसलेलीच असते, त्यामुळे वेळ बदलायची गरज नाही. फक्त ही भेट कुठल्या तारखेपर्यंत ठेवायची, तो रकाना रिकामा सोडलाय. ते माझ्या हातात नाही, आणि तुझ्या सेक्रेटरीच्याही."