आधी वाढू दे, मग वाढू

पूर्वी मेघवती नगरीत पृथुयश राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व राजवाड्यातल्या एका वाढप्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव सुभाजन. सात पिढ्या त्यांच्या घराण्याने राजाच्या पंगतीत वाढले होते. बापाने मुलाला शिकवले ते एवढेच: भांडे हातात घेतले की आधी शेवटच्या पानाकडे बघायचे, तिथपर्यंत पुरेल एवढेच पहिल्या पानावर वाढायचे, आणि आपण सगळ्यांच्या मागून जेवायचे. एवढ्या शिदोरीवर सुभाजन पुढे राजाचे अमात्य झाले. याहून कमी शिकूनही माणसे अमात्य होतात, त्यामुळे त्यात नवल नाही.

त्या राज्यात काळखडी नावाचे एक गाव होते. गावकऱ्यांनी पाण्यासाठी विहीर खणली आणि तिला काळे, उग्र वासाचे तेल लागले. भुईतून आले म्हणून लोक त्याला भुईतेल म्हणू लागले. त्यात भिजवलेली वात पहाटेपर्यंत जळत राही. गावाला वाटले, आपले नशीब उघडले. उघडले खरे, पण राजाचे. आठ दिवसांत विहिरीवर पहारा बसला आणि ज्यांनी ती खणली ते तिच्यावर मोट ओढायला राहिले. मोटेतून सांडलेल्या तेलाने आजूबाजूच्या रानाची माती मेली. ज्वारी उगवेना, तेव्हा राजवाड्याने मोठ्या मनाने गावाला रोज शेर-शेर धान्य देण्याचे ठरवले.

तेल मेघवतीला जाई. तिथे रस्त्यावर दिवे, तलावाकाठी दिवे, हत्तीखान्यातसुद्धा दिवे. हत्तींना झोप येत नाही अशी तक्रार माहुतांनी केली, ती कोणी मनावर घेतली नाही. काळखडीत मात्र दिवा लावायला बंदी होती. तेलचोर पकडायचा तर हाताचा वास घ्यावा, पण वास सगळ्या गावाच्याच हाताला येई. म्हणून पहारेकरी वाती शोधत. ज्याच्या घरात कापसाची वात सापडली तो चोर. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्या गावात मावत नव्हता.

सुभाजन अमात्य झाल्यावर एकदा विहीर बघायला काळखडीत आले. सगळे गाव हात जोडून उभे होते. बोलली ती एकटी सोणा. ती गावची सुईण.

“अमात्य, मी बोटांनी बघते,” ती म्हणाली. “नाळ कुठे आहे, मूल कुठे अडलंय, सगळं बोटांना विचारते. बोटं चुकली की जीव जातो. चैत्रात माझ्या लेकीचं बाळंतपण आहे, पहिलटकरीण आहे ती. मला एक दिवा द्या.”

सुभाजनांनी विचारले, इतके तेल ओढता आणि एक दिवा नाही? ती म्हणाली, म्हणून तर तुम्हाला विचारते.

“बाई, मी वाढप्याचा मुलगा आहे,” सुभाजन म्हणाले. “शेवटच्या पानापर्यंत आल्याशिवाय भांडं खाली ठेवणार नाही. चैत्राच्या आत येतो.”

नगरात परतल्यावर त्यांनी राजापुढे आपला विचार मांडला. ही विहीर म्हणजे एक पंगत आहे, असे त्यांनी सांगितले. पहिली पळी काळखडीला, कारण चुलीशी तेच बसले आहेत. मग राज्यातल्या प्रत्येक घराला रोज एक पळी, गरीब असो की सावकार. राजवाडा सगळ्यांत शेवटी. दिवसभरात जेवढे तेल झिरपून वर येईल तेवढेच उपसायचे, तळाला हात लावायचा नाही. आणि दर वर्षी उघड्या माळांवर करंज लावायचे. करंजाच्या बियांचेही तेल निघते, जळताना थोडी घाण येते पण जळते. “विहीर आपण पेरलेली नाही महाराज,” ते म्हणाले, “म्हणून ती संपली की पुन्हा उगवणार नाही.”

राजा सद्गदित झाला. राजे लोक सद्गदित होतात, त्यांना त्याचा काही खर्च नसतो. त्याने तिथेच मुद्रा काढून दिली आणि आज्ञा तुम्हीच लिहा म्हणून सांगितले. नगराच्या वेशीवर शिळा उभी करायची होती. शिळा लहान, अक्षरे मोठी. सुभाजनांनी एकच ओळ लिहून दिली: ‘राज्यातले भुईतेल वाढावे.’

इथे बोधिसत्त्व चुकले. वाढप्याच्या घरात सात पिढ्या त्या शब्दाचा एकच अर्थ होता. वाढायचे म्हणजे पानावर घालायचे. दुसरा अर्थ त्यांच्या मनातही आला नाही.

तो कोषाध्यक्ष मणिधराच्या मनात आला. भुईतेलाचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. त्याने वेशीवर लोक जमवले, शिळा वाचून दाखवली आणि सांगितले की राज्यातले तेल वाढावे अशी महाराजांची इच्छा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेल वाढले तर कोणाला नको आहे? राजा बोले, दळ हाले. दुसऱ्या दिवशी रोजच्या चाळीस मोटांच्या तीनशे मोटा झाल्या. काळखडीची माणसे दिवसाच्या दोन पाळ्यांत ओढू लागली, आणि वाढलेले सगळे तेल मेघवतीला गेले. एका पानावरही पळीभर पडले नाही.

सुभाजन धावत राजाकडे गेले आणि म्हणाले की महाराज, अर्थाचा अनर्थ झाला, शिळा बदला. राजा हसला. तो मूर्ख नव्हता, हे इथे सांगून ठेवले पाहिजे. मूर्ख असता तर कथा इतकी कडू झाली नसती.

“सुभाजना, शब्द तुझाच आहे,” राजा म्हणाला. “आणि दोन्ही अर्थ मला मान्य आहेत. आधी वाढू दे, मग वाढू.”

हे वाक्य दरबारात फार गाजले. इतके सोपे आणि इतके शहाणे वाक्य कोणी ऐकलेच नव्हते. ज्याच्या घरी तेल पोहोचत होते तो ते रोज म्हणू लागला, आणि ज्याच्या घरी पोहोचत नव्हते तोही म्हणू लागला, कारण त्यात ‘मग’ होते.

जाता जाता राजाने सुभाजनांना सांगितले की आजपासून रोज एक घागर तेल तुझ्या घरी येईल. मणिधर शेजारी उभा होता. वाढणारा आपला असला की पंगतीत कुठेही बसावे, असे तो हसत म्हणाला. सुभाजनांनी मुद्रा काढून राजाच्या पायाशी ठेवली. वाढपी आधी जेवत नाही, एवढे बोलून ते घागर न घेता निघाले. बाजारातून त्यांनी करंजाच्या बियांचे एक पोते घेतले आणि पाठीवर टाकून काळखडीची वाट धरली.

ते पोहोचले तेव्हा चैत्र संपला होता. सोणा ओट्यावर बसली होती. तिची लेक गेली होती आणि नातूही गेला होता. मूल आडवे होते, अंधारात हात चुकला. तो हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

सुभाजनांनी सगळे सांगितले. काही लपवले नाही, घागरीचेही नाही. सोणाने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“ती घागर घेतली असतीत,” ती म्हणाली, “आणि त्यातली एक पळी मला आणून दिली असतीत, तर माझी लेक जगली असती. तुमचं पुण्य तुमच्यापाशी राहिलं. माझं काय राहिलं?”

बोधिसत्त्वांनी पाठीवरचे पोते खाली ठेवले. सोणाने पोत्याकडे बघून विचारले, हे कधी उजेड देईल? ते म्हणाले, सात वर्षांनी. मग सात वर्षांनी या, असे म्हणून तिने दार लावून घेतले.

ते गेले नाहीत. गावाबाहेरच्या माळावर झोपडी घालून राहिले. मेलेल्या मातीच्या पलीकडे, जिथे पहाऱ्याची नजर जात नव्हती, तिथे त्यांनी खड्डे खणले आणि ओढ्यावरून घागरीने पाणी आणून घातले. पहिल्या वर्षी निम्मी रोपे शेळ्यांनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी चार माणसे मदतीला आली, चौथ्या वर्षी अर्धे गाव आले. सोणा आली नाही. मात्र सहाव्या वर्षी ओढ्याचे पाणी आटले, तेव्हा ती रोज सकाळी एक घागर झाडांपाशी ठेवून परत जाई.

आठव्या वर्षी पहिला घाणा फिरला. जेवढे तेल निघाले तेवढे सुभाजनांनी पळीने घरोघरी वाढले. करंजाचा वास वेगळा येई, त्यामुळे वात सापडली तरी पहारेकऱ्यांना कोणाला तेलचोर म्हणता येईना. पहिली पळी त्यांनी सोणाच्या दारात नेली. तिने दिवा लावला, तो गावातल्या एका बाळंतिणीच्या खोलीत ठेवला, आणि मग बाहेर येऊन रडली. त्या वर्षी काळखडीत अकरा मुले जन्मली आणि अकराही जगली.

इकडे विहिरीचे तेल वाढत वाढत पातळ झाले, मग गढूळ झाले. बाराव्या वर्षी मोटेत खारे पाणी येऊ लागले आणि एका दुपारी काठ आत ढासळला. मेघवती अंधारात बसली. भुईतेलाच्या जोरावर तिथल्या तेल्यांनी कधीच घाणे मोडून चुलीत घातले होते. तीळ पेरायचे लोक विसरले होते. हत्ती तेवढे झोपले.

करंजाच्या उजेडाची बातमी लागली तेव्हा राजा घागरी घेऊन स्वतः काळखडीला आला. मागे मणिधर, त्याच्या मागे निम्मे नगर. सोणा आता गावची म्हातारी होती, ती पुढे झाली.

“आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात,” ती म्हणाली. “तुमची विहीर तशी वाढली म्हणायची, महाराज.”

गावातल्या पुष्कळांना वाटले, यांना आल्या पावली घालवावे. सोणाने सुभाजनांकडे बघितले. ते म्हणाले, पंगतीला आलेल्याला उपाशी उठवत नाहीत. म्हणून सगळ्यांना माळावर रांगेने बसवले. आधी नगरातल्या झोपड्यांना, मग घरांना, मग हवेल्यांना. राजाच्या घागरीत शेवटची पळी पडली.

राजाने घागरीत डोकावून बघितले, मग मान वर करून झाडांकडे बघितले. “झाडं चांगली आहेत,” तो मणिधराला म्हणाला. “नीट लक्ष घातलं तर पुष्कळ वाढेल.”

पंधरा दिवसांत करंजाच्या राईभोवती काटेरी कुंपण आले, कुंपणाला पहारा आला आणि दाराशी एक नवी शिळा आली. शिळेवर लिहिले होते: ‘राज्यातले करंजतेल वाढावे.’ शब्द जुनाच होता, त्यासाठी वेगळे डोके चालवावे लागले नाही.

त्या दिवशी सुभाजन छिन्नी घेऊन आले. भरदिवसा, पहारेकऱ्यांच्या समोर ते शिळेपाशी बसले आणि त्यांनी ओळीच्या आधी दोन शब्द कोरले: ‘शेवटच्या पानापासून’. बारा वर्षांपूर्वी जे लिहायचे राहून गेले होते ते त्यांनी लिहिले. पहारेकऱ्यांनी धरून राजापुढे नेले. राजाने सांगितले की ते दोन शब्द तू स्वतः खोडून काढ, म्हणजे तुला सोडतो आणि रोजची घागरही चालू करतो. ते म्हणाले, “महाराज, चूक एकदाच करायची असते.”

राजाज्ञेवर हात चालवला म्हणून त्यांचा उजवा हात मनगटापासून तोडला. त्याच हाताने ते वाढत असत. शिळेवरचे दोन शब्द राजाच्या माणसांनी घासून काढले, पण दगड तिथे खोल झाला. येणारा-जाणारा त्या खळग्यावरून बोट फिरवी आणि तिथे काय होते ते दुसऱ्याला सांगे.

सुभाजन झोपडीत परत आले. सोणाने जखम धुऊन बांधली. मग तिने भाकरी आणि भाजी आणली, ते उठू लागले तर त्यांना खांद्याला धरून खाली बसवले.

“तुम्ही बसा, भाऊ,” ती म्हणाली. “आज मी वाढते.”

जन्मात पहिल्यांदा ते आधी जेवले. ज्या हाताने अंधारात चूक केली होती त्याच हाताने सोणाने त्यांना घास भरवला. राई मात्र राजाकडेच राहिली. पुढे तिचे काय झाले ते विहिरीवरून ओळखा.

ही कथा तथागतांनी विहारात सांगितली, तिचे निमित्त असे झाले. एका उपासकाने भिक्खूंसाठी तेलाचा मोठा रांजण दिला होता. कोठाराचे काम सुदंत नावाच्या भिक्खूकडे होते. त्याने रांजण झाकून ठेवला. उत्सवापर्यंत आणखी दोन-तीन रांजण पाठवतो असे एका सावकाराने सांगितले होते, ते आले की मग सगळ्यांना एकदम देऊ, असा सुदंताचा विचार होता. विहाराच्या टोकाच्या खोलीत अज्जुक नावाचे म्हातारे भिक्खू थंडीने आखडून पडले होते. पायाला चोळायला त्यांनी तीनदा तेल मागितले. ते मिळेना, म्हणून एक म्हातारी उपासिका त्यांचे पाय नुसत्याच हातांनी चोळी. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. रांजण काठोकाठ भरलेला होता.

कथा संपल्यावर तथागत म्हणाले, “तेव्हाचा मणिधर म्हणजे हल्लीचा तो सावकार, ज्याने पुढच्या रांजणाची आशा लावली. सोणा म्हणजे अज्जुकांचे पाय रोज नुसत्याच हातांनी चोळणारी ती म्हातारी उपासिका. पृथुयश राजा म्हणजे हा सुदंत. आणि वाढपी सुभाजन तो मीच होतो. या गुणाला संविभाग म्हणतात. आपल्याकडे आहे त्यातून वेळेवर वाटून देणे. वेळेवर नसेल, तर त्याला दुसरे काहीही म्हणा.”

सुदंताने खाली मान घालून विचारले, “भन्ते, आता त्या तेलाचं काय करू?”

“वाढ,” तथागत म्हणाले.

या वेळी सुदंताने अर्थ विचारला नाही. त्याने रांजण उघडला, पळी घेतली, आणि विहाराच्या टोकाच्या खोलीपासून सुरुवात करायला निघाला. ती खोली रिकामी होती. भरलेली पळी तशीच घेऊन तो शेजारच्या खोलीकडे वळला.