हिंगाचं बोट

"मग तुम्हीच सांगा आक्का, ज्या खोलीत ब्रह्माचं ध्यान चालतं, तिथं हे... हे कसं चालवून घ्यायचं?"

'हे'च्या पुढं पद्माकराची जीभ रेटेना. बारा वर्षं पैठणला शास्त्र शिकून आलेला गडी. उपनिषदं तोंडपाठ, आणि दोन अक्षरांचा शब्द घशात अडकलेला.

गिरजाआक्का आपल्या मठीच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"हे म्हणजे काय रे?"

"अपानवायूचा उत्सर्ग."

"एवढं मोठं नाव ठेवलंस, मग वास सुटायचाच."

गोष्ट घडली होती चार दिवसांपूर्वी. आदल्या दिवशी मठीत पावट्याच्या उसळीची पंगत झालेली. सकाळी ध्यानाला बसलेल्या सगळ्यांचीच पोटं गुरगुरत होती. बाप्यांनी आपापलं खोकल्याखाली झाकलं. बाप्यांना खोकला बरा वेळेवर येतो! सत्तरीच्या सोनाबाईला तो आला नाही. नऊ वर्षं रोज येऊन गुपचूप कोपऱ्यात बसणारी म्हातारी. तिचा वारा सरला, मोठ्यानं सरला, आणि अख्खी मठी खिदळली. बाप्याचं पादणं चेष्टेवारी जातं. बाईचं तिच्या माहेराला जाऊन चिकटतं.

मठीतलं ध्यान पद्माकर चालवायचा. तो हसला नाही. तो म्हणाला, "आजी, उद्यापासून भिंतीपलीकडं बसा."

सोनाबाईनं बसायचं पोतं गुंडाळलं, उंबऱ्याला हात लावला आणि गेली. ती परत आलीच नाही. भिंतीपलीकडंसुद्धा नाही.

"माझं चुकलं का, आक्का? चुकलं असेल तर सांगा."

आक्का शेंगा सोलत राहिल्या...

तेवढ्यात धनगरवाड्यावरची हौसा धापा टाकत आली. पदरात दोन महिन्यांचं पोर, रडून रडून निळं पडलेलं.

"आक्का, सकाळधरनं अंगावर प्यालं नाही. पोट बघा कसं झालंय!"

पोट ढोलकीगत ताणलं होतं. आक्कांनी हात पुढं केले. वातानं वाकडी झालेली बोटं सरळ होईनात. त्या पद्माकराकडं वळल्या.

"कोमट पाण्यात हिंग कालव आणि लाव ह्याच्या बेंबीभोवती."

"मी?"

"शास्त्र शिकलेलं बोट आहे. चालेल."

पद्माकर खाली बसला. बोट बेंबीभोवती फिरू लागलं. पोरानं टाहो फोडला.

"आता गुडघे पोटाशी घे. हळू... सोड. पुन्हा घे."

काही होईना. हौसानं पदर दातात धरला.

पुन्हा हिंग. पुन्हा गुडघे...

बारा वर्षं श्वास मोजणारा पद्माकर स्वतःचा श्वास विसरला. कपाळावर घाम आला. ओठ आपोआप पुटपुटत होते, आणि त्यात एकही मंत्र नव्हता.

"सोड रे राजा... सोड माझ्या वाघा... एकदा सोड..."

आणि पोरानं सोडला. जीव एवढासा, पण बार उडाल्यासारखा. त्यामागं आणखी एक.

"पादलं! आक्का, पोरगं पादलं!" पद्माकर टाळ्या पिटत ओरडला. "देव पावला!"

हौसा हसता हसता रडायला लागली. तिनं पदराखाली घेतलं, तसं पोर चुटुचुटु पिऊ लागलं.

आक्का त्याच्याकडं बघत होत्या.

"पद्माकरा, ह्याला भिंतीपलीकडं कधी धाडायचं?"

"आक्का... हे तर लेकरू आहे."

"हं. मग कितव्या वर्षी?"

पद्माकर उठला.

"सोनाबाईचं घर कुठं आहे?"

"तुला ठाऊक नाही?"

त्यानं मान खाली घातली.

"विहिरीपलीकडं. दारात शेवगा आहे."

"मला आत घेतील का त्या?"

"ते तिला विचार. मला काय विचारतोस?"

पद्माकरानं उपरणं सावरलं. बोट नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं आणि तांब्या घ्यायला रांजणाकडं वळला.

"हात धुऊ नकोस," आक्का म्हणाल्या. "तसाच जा."