ठेव्यावर पुरलेली नाळ

एका राज्यात बाळ जन्मलं की त्याची नाळ घराच्या उंबऱ्याखाली पुरीत. नाळ जिथे पुरली तिथलं ते माणूस. मग ते कितीही लांब गेलं तरी त्याचे पाय त्याच उंबऱ्याकडे वळत. कुठलं राज्य म्हणून विचारू नका. जिथे राजे होते, मांत्रिक होते आणि पाखरं बोलत होती, त्या राज्याला नाव कशाला लागतं?

त्या राज्यात सटवाजी बुरूड आणि त्याची बायको गोजरा राहत. दोघंही तरणी. तो बांबू चिरायचा, ती सुपं-टोपल्या विणायची. गावातल्या लेकरांचे पाळणे त्यांच्या हातचे. त्यांच्या घरातलं आढं तेवढं पाळण्याविना मोकळं. गोजराची बाळंतपणं वाया गेली होती. त्याबद्दल ती बोलत नसे. दुसरं कुणी बोललं तर हातातल्या कोयत्यासकट वळून बघे, आणि बोलणारी गप्प होई.

एके दिवशी ती बांबूच्या बेटात शिरली, तर आत पाचोळ्यावर बाळ. मुलगी. बेंबी अजून ओली. रडत नव्हती, मूठ चोखत पडली होती. गोजराने कोयता तिथेच टाकला, पोरीला ओटीत घेतलं आणि घर गाठलं.

सटवाजी म्हणाला, "अगं, बांबू आणायला गेलीस आणि कोंब घेऊन आलीस?"

"हसू नका. दूध बघा."

"शेळी आहे की दारात."

"आटत आलीय ती."

"मग तिला सांगतो, मावशी झालीस, आता आटून कसं चालेल?"

शेळीने ऐकलं. त्या राज्यात असं होत असे.

बांबूत सापडली म्हणून नाव ठेवलं वेणू. बारशाला आळीतल्या बाया जमल्या. घुगऱ्या खाता खाता थोरली बयाक्का म्हणाली, "सगळं झालं गं, पण नाळ कुठे पुरलीस?"

"उंबऱ्याखाली," गोजरा म्हणाली.

उंबऱ्याखाली तिने हळकुंड पुरलं होतं. सटवाजीने ते पाहिलं होतं. त्याने तिथली माती टाचेने नीट दाबून घेतली.

मग घराला घरपण आलं. गोजरा पोरीची टाळू भरायची, पाय ओढून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. सटवाजी कामट्या तासता तासता पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याने ओढायचा आणि गाणी म्हणायचा. गाणी त्याच्याच मनची. मांजराचं लग्न, शेळीचं माहेर. गोजरा आतून ओरडायची, "पुरे आता! शेळी दावं तोडून पळेल." तो आणखी मोठ्याने म्हणायचा. पोरगी खिदळायची.

पोरगी रांगायला लागली आणि गोजराच्या लक्षात आलं. वेणू रांगायची ती उत्तरेकडेच. तोंड फिरवून बसवली तरी गर्रकन वळायची आणि डोंगराची वाट धरायची. मग एका सकाळी न्हाऊ घालताना टाचेवर काहीतरी बोटाला लागलं. खवला होता. सापाचा असतो तसा, लहान, काळा, चकचकीत. गोजराने तो नखाने उपटला. दुसऱ्या दिवशी तिथे दोन होते.

घरामागच्या उंबरावर धनेश पक्षी बसायचा, मोठ्या चोचीचा. त्या राज्यात पाखरं बोलत, पण विचारल्याशिवाय नाही. गोजरा झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"धनेशा, माझ्या पोरीला खवले का येतात?"

"तिची नाळ ठेव्यावर पुरली आहे."

"तिची नाळ माझ्या उंबऱ्याखाली आहे."

"तिथे हळकुंड आहे," धनेश म्हणाला. "मला वरून दिसतं."

गोजराने मान खाली घातली नाही. "सांग पुढे."

"उत्तरेच्या डोंगरात राजा कनकसेनाच्या वाडवडलांचा ठेवा आहे. तो शापित आहे. राखणदार मिळाल्याशिवाय उघडत नाही. ज्या मुलाची नाळ ठेव्यावर पुरली, ते पहिलं पाऊल टाकतं ते ठेव्याकडेच. तिथे पोचलं की त्याचा भुजंग होतो, आणि ठेवा उघडतो."

"यावर उतारा?"

"तीन कामं. पहिलं, करालकेतू मांत्रिकाकडून जागा आणि जन्म देणारीचं नाव काढायचं. दुसरं, त्या बाईला तिथे न्यायचं. तिसरं, नाळ उपटायची."

"करते."

"तिसरं तुझ्या हातून होणार नाही. जिच्या पोटची नाळ तिनेच ती उपटायची. आणि उपटली की तिच्या मनातून ते मूल पुसलं जातं. आपण कुणाला जन्म दिला, हेसुद्धा तिला आठवत नाही."

"आणि पोर?"

"पोर माणूस राहते."

"मला तेवढंच विचारायचं होतं," गोजरा म्हणाली आणि घरात आली.

बाकीच्या घरांत पोर धरून उभं राहिलं की टाळ्या वाजतात. या घरात वेणू टोपलीला धरून उभी राहू लागली की गोजरा धावत जाऊन तिला खाली बसवायची. पोर चिडायची, पुन्हा उठायची, ही पुन्हा बसवायची. शेवटी लुगड्याच्या पट्टीने तिचे पाय सैल बांधले, पाटीत ठेवली, पाटी सटवाजीच्या डोक्यावर दिली आणि तिघं निघाली.

करालकेतू एका कोरड्या विहिरीच्या तळाशी राहायचा. विहिरीत चहूबाजूंनी रांजण मांडलेले, तोंडं मेणाने बंद केलेली. एका रांजणात कुणा बाईची जात्यावरची ओवी कोंडलेली होती, एकात वासराचं हंबरणं, एकात कुणा म्हाताऱ्याचा खाकरा. कान लावला की ऐकू यायचं.

"जागा हवी, नाव हवं," गोजरा म्हणाली.

"एक आवाज दे."

"माझा घे."

मांत्रिकाने तोंड वाकडं केलं. "तुझ्या आवाजात शिव्याच फार. याचा दे. गोड आहे."

सटवाजीला हसू आलं. "ऐकलंस का गं? गोड म्हणतोय. घरात कधी कुणी म्हटलं नाही." मग त्याने वेणूला पाटीतून काढून मांडीवर घेतलं. "एकदा म्हणू दे रे बाबा. पोरीला झोप आलीय."

मांत्रिकाने मान डोलावली. सटवाजीने शेळीचं माहेर म्हटलं, शेवटपर्यंत, सावकाश. गोजरा या खेपेला पुरे म्हणाली नाही. आवडतं, असं म्हणावं हे तिच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात गाणं संपलं आणि मांत्रिकाने रांजणावर झाकण ठेवलं. सटवाजीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग पोरीला उचलून पाटीत ठेवलं.

"दोन कड्यांच्या मधे आपटा आहे, त्याच्या मुळाशी," करालकेतू म्हणाला. "आणि नाव, राणी कुमुदिनी. तिला सांगितलंय की पोर मेलेली जन्मली. पोर बेटात टाकली, आणि नाळ राजाने स्वतःच्या हाताने मला आणून दिली."

"बापाने?"

"राजाने," मांत्रिक म्हणाला.

राजवाड्याच्या मागच्या दाराने सुपं-टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. सटवाजी बाहेर थांबला, गोजरा पाटी घेऊन आत शिरली. राणी कुमुदिनी सज्जात एकटी बसली होती. वयाने गोजराएवढीच. पुढ्यात जेवणाचं ताट तसंच.

"राणीसाहेब, एक पोर दाखवायची आहे," गोजराने पाटी खाली ठेवली.

"मुलं माझ्यापुढे आणायची नाहीत, असं बजावलंय मी."

"ही तुमचीच आहे."

राणी रागाने उठली, आणि पाटीत बघून जागच्या जागी खाली बसली. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग उमटले. एवढे महिने झाले होते, तरी उमटले. त्या राज्यात अंगाला खोटं बोलता येत नसे.

गोजराने झालं ते सांगितलं. बेट, खवले, नाळ, राजा, मांत्रिक. एवढंच सांगितलं. उपटणारीला विसर पडतो, हे मात्र तिने पोटात ठेवलं. सांगितलं आणि राणी नाही म्हणाली तर? आणि न सांगता काम होत असेल तर बिघडतंय कुठे? तिने स्वतःला तसं समजावलं. समजूत काही पटली नाही.

राणीने डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि टोपलीवालीच्या मागोमाग ती मागच्या दाराने बाहेर पडली. डोंगर चढताना पोर तिच्याच कडेवर होती. गोजरा सटवाजीबरोबर मागून चालत होती. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. खवले आता वेणूच्या गुडघ्याला भिडले होते.

आपट्याखालची माती ऊन ऊन होती. राणी खाली वाकली.

"थांबा," गोजरा म्हणाली. सटवाजीने तिचा दंड धरला. तिने तो झिडकारला. "नाळ उपटलीत की ही तुमच्या मनातून जाईल. पोर झाली होती हेदेखील आठवणार नाही. मला आधीपासून माहीत होतं. सांगितलं नाही. आता सांगते."

राणीने तिच्याकडे बघितलं.

"ती मेली म्हणाले तेव्हा निदान आठवायला तरी मिळत होती," राणी म्हणाली.

गोजराने मान खाली घातली.

राणी मातीवरच बसली, पोरीला मांडीवर घेतलं. "सांग. काय खाते ही?"

"नाचणीची पेज. गूळ घालून. बिनगुळाची थुंकते."

"झोपते कशी?"

"पालथी. एक हात माझ्या गळ्यात लागतो."

"दात?"

"खालचे दोन आलेत. चावते."

"माझ्यासारखी दिसते का गं?"

"रागावली की दिसते."

राणी हसली. "आणखी सांग."

"राणीसाहेब, तुम्ही विसरणारच आहात."

"विसरणारच आहे, तरी सांग."

मग गोजराने सगळं सांगितलं. पहिली शिंक, गोवराची नुसती आलेली शंका, मांजराच्या लग्नाचं गाणं, शेळीच्या कानाला धरून घातलेला धिंगाणा. सांगता सांगता तिचा घसा बसला, तरी थांबली नाही. सटवाजी पाठ फिरवून उभा होता. राणी एकेक शब्द असा ऐकत होती, जसं कुणी परक्या गावाला निघताना घराच्या भिंतींवरून हात फिरवतं.

सांगण्या-ऐकण्यात दोघी गुंतल्या आणि पट्टीची गाठ सुटली. वेणू मांडीवरून घसरली, आपट्याला धरून उभी राहिली. हात सोडला. पाऊल उचललं.

राणीने कोपरापर्यंत हात मातीत घातला आणि नाळ उपटली.

डोंगर एकदा कण्हला. वेणूच्या पायांवरचे खवले लसणाच्या सालींसारखे गळून पडले. उचललेलं पाऊल खाली टेकलं. मग दुसरं पडलं. पोरगी हेलपाटत चालली ती समोर बसलेल्या राणीकडे, आणि तिने तिच्या पदराला घट्ट धरलं.

"अगं बाई, पडशील ना," राणी म्हणाली. तिने पोरीला अलगद उचललं आणि गोजराकडे दिलं. "सांभाळ गं तिला. इथे कडे आहेत." मग आपल्या हातांकडे बघितलं. "माझे हात मातीने कसे भरले? आणि मी इकडे कशी?"

गोजराने कमरेचा भोपळा सोडला आणि तिच्या हातांवर पाणी घातलं. बोट न् बोट धुऊन दिलं. राणीच्या मुठीत एक सुकलेला दोरीसारखा तुकडा होता. हे काय म्हणून तिने तो टाकला. गोजराने उचलून ओटीत बांधला.

शाप सुटला. ठेवा आपोआप उघडला, पण हंड्यांत सोनं नव्हतं, कोळसे होते. राजा कनकसेन गाड्या जुंपून धावत आला, कोळशांत सोनं शोधायला लागला आणि मग त्याला थांबताच येईना. तो अजून उकरतो आहे म्हणतात. कोरड्या विहिरीतले रांजण तडकले, करालकेतूची राख झाली आणि कोंडलेले आवाज वाऱ्यावर गेले. कुठला आवाज कुणाचा, हे वाऱ्याला ठाऊक नव्हतं. सटवाजीचा परत आला नाही. गादीवर राणी कुमुदिनी बसली. तिने कोठारं उघडली, वाटा दुरुस्त केल्या. लोकांना दोन वेळचं नीट मिळू लागलं. उंबऱ्याखालचं हळकुंड काढून गोजराने तिथे नाळ पुरली.

वेणू पळायला लागली तेव्हाची गोष्ट. राणीची पालखी बुरूड आळीतून चालली होती. पोरगी कामटीचा घोडा करून पालखीच्या पुढ्यातच आली. भोई थांबले. गोजरा धावत गेली आणि पोरीला मागे ओढलं.

पालखीचा पडदा सरला. राणीने वेणूकडे बघितलं. रस्त्यातल्या कुठल्याही गोड पोरीकडे बघावं, तसं.

"काय गं धीट आहे! कुणाची ही?"

दारात सटवाजीचा कोयता बांबूतच थांबला. त्या राज्यात मोठ्या माणसाने पोराकडे बघून असं विचारलं, की आईबापांनी एकच उत्तर द्यायची रीत होती. सगळे देत. त्यात काही अर्थ असतो, असं कुणी मानत नसे.

गोजरा म्हणाली, "आपलीच, राणीसाहेब."

राणी हसली. बाई वळणाची आहे, असं तिला वाटलं असेल. तिने पोरीच्या हातावर एक पेरू ठेवला, पडदा सोडला आणि भोयांनी पालखी उचलली.

वेणू पेरू खायला घरात पळणार होती. गोजराने तिला उचलून कडेवर घेतलं आणि पालखी वळणाआड जाईपर्यंत तिचं तोंड तिकडे धरून ठेवलं.