टिटवीचे अंडे आणि राणीची जुळी

एका राज्यात, जिथे नद्या राजाला विचारून वळत आणि वडाच्या पारंब्या वाटसरूला पाणी देत, मालवती नावाची राणी होती. लग्नाला नऊ वर्षे झाली तेव्हा तिला दिवस गेले. राज्यभर साखर वाटली. पाचव्या महिन्यात येसू सुईणीने राणीच्या पोटाला कान लावला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि ती मटकन खाली बसली.

"बाईसाहेब, दोन आहेत."

दुसऱ्या कुठल्या घरी नगारा वाजला असता. या घरी दासींनी खिडक्या लावून घेतल्या.

त्याचे कारण जुने. राजा धैर्यसेनाच्या पणजोबांना चकाकणाऱ्या वस्तूंचा भारी हव्यास. तळ्याकाठी टिटवीच्या घरट्यात त्यांना दोन अंडी दिसली, दोन्ही सोन्याची. त्यांनी एक उचलले. दोन्ही का नाही उचलली, म्हणाल, तर आपण फार दयाळू आहोत अशी त्यांची समजूत होती. टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडली, "माझी जोडी फोडलीस! तुझ्या घरी जुळं येईल, पण जोडी नांदणार नाही." तेव्हापासून त्या घराण्यात जुळे जन्मले की पहिले रडे आणि दुसरे कधीच रडत नसे. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. हिने एक राजघराणे आटवत आणले होते.

म्हणून त्या घरात रीत पडली. पोटी जुळे असले तरी ओटी एकाचीच भरायची. नारळ एक, पाळणा एक, नाव एक. दुसऱ्याचा विषय कुणी काढायचा नाही.

"सूनबाई," राजमाता रंभावती म्हणाल्या, "एकावरच जीव लावा. मी दोघांवर लावला होता." एवढे बोलून त्या गेल्या.

मालवतीने मान डोलावली. पण कोणत्या एकावर? पहाटे एकाला चिंच हवी असे, तर दुपारी दुसऱ्याला गूळ. वरचे बरगडीत लाथ मारी. खालच्याला उचकी लागे, आणि लागली की तासभर थांबत नसे. सहाव्या महिन्यापासून राणीला स्वतःची पावले दिसली नव्हती. पायांत जोडे आहेत की नाहीत हेही दासीला विचारावे लागे. वरचे आपले म्हणायचे, असे तिने मनाशी ठरवले. पोटाच्या खालच्या बाजूला ती हात लावीनाशी झाली.

जिच्या पोटी जुळी असतात तिला सातव्या महिन्यात पाखरांची बोली कळू लागते. मालवतीलाही कळू लागली. चिमण्या दाण्यांखेरीज कशाविषयी बोलत नाहीत हे पाहून तिची बरीच निराशा झाली. मग एका सकाळी सज्ज्यावर एक म्हातारी टिटवी येऊन बसली.

"राणी, शाप मी दिला, पण सुख मलाही लागलं नाही. उरलेलं अंडं तेव्हापासून गार आहे. तीन कामं कर. माझं अंडं खजिन्यातून काढ. आपल्या पायांनी तळ्यापर्यंत आण, भुईला टेकवू नको. आणि दोन्ही अंडी उबव."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझं दुसरं रडणार नाही."

राणी उठली. म्हणजे उठू लागली. दोन दासींनी हात दिल्यावर उठली.

खजिन्याला पणजोबांनी मांत्रिक धूम्रकेशाकडून दार करून घेतले होते. वाट एका माणसापुरती, पण तिघे एकदम आत शिरणार असतील तरच दार उघडणार. चोर येऊ नये म्हणून केलेली ही युक्ती. पुढे पणजोबांनाही आत जाता येईना, आणि बिचारे किल्लीच्या भोकाला डोळा लावूनच वारले. धूम्रकेश मात्र अजून पहारा देत होता. त्याची दाढी तीन पायऱ्या खाली उतरली होती.

"किती जण?" त्याने विचारले.

मागे राजमाता उभ्या होत्या. मालवतीच्या तोंडून सवयीचेच उत्तर गेले, "दोघं. मी आणि माझं बाळ."

दार हलले नाही.

तेवढ्यात खालच्याला उचकी लागली. टुक, टुक, टुक. कुणी मोजो न मोजो, ते आपले उचक्या देत राहिले. राणीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिचे कान तापले. किती दिवसांनी तिने त्या जागी हात ठेवला.

"तिघं," ती मोठ्याने म्हणाली. "दोन्ही माझी आहेत."

दार उघडले. आता वाट अरुंद आणि पोट हे असे. सरळ जावे तर अडके, आडवे व्हावे तर अधिकच अडके. शेवटी राजमातांनी, राजमाता असूनही, उंबऱ्याबाहेरून तिला हलकेच आत रेटले. राणी अंडे ओटीत घेऊन परत आली.

"मग आता मी घरी जाऊ?" धूम्रकेशाने विचारले.

"जा, बाबा," राणी म्हणाली. तो दाढी गुंडाळून चालू लागला.

राजा धैर्यसेन पालखी घेऊन धावत आला.

"पायीच जायचं आहे," राणी म्हणाली. "आपण वाट मोकळी करा."

तळे दोन कोसांवर. प्रत्येक पावलाला अंडे जड होत गेले. राणीला त्याचे नवल वाटले नाही. सात महिने तिचे तेच चालले होते. दर शंभर पावलांवर तिला दम लागे आणि दर दोनशेवर झुडुपाआड जावे लागे. तेव्हा अंडे भुईला टेकू नये म्हणून राजमाता ते पदरात धरून उभ्या राहत.

तिसऱ्या झुडुपापाशी राणी परतली, तर राजमाता अंड्याकडे एकटक पाहत होत्या.

"असंच गार होतं," त्या म्हणाल्या.

"काय, आईसाहेब?"

"माझं दुसरं. धैर्यसेनाच्या पाठचं. एकदाच हातात दिलं मला. मुलगी होती." चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते.

राणीने सासूचा हात धरला, आणि उरलेली वाट दोघी एकमेकींच्या आधाराने चालल्या.

तळ्याकाठी खड्यांच्या खळग्यात दुसरे अंडे पडले होते, तितकेच गार. उबवायला दोन्ही मांडीवर घ्यावीत, तर राणीला मांडी उरली होती कुठे! ती डाव्या कुशीवर आडवी झाली. एक अंडे तिने पोटाशी वर ठेवले, एक खाली, आणि वरून पदर घेतला. खडे टोचत होते. एक प्रहर गेला, दुसरा गेला, तिसरा सरत आला. अंडी गारच.

टिटवीचा धीर सुटला. "राणी, एकच जवळ घे. एक जगलं तरी मला पुरे."

"टिटवीबाई," मालवती म्हणाली, "पुरतं असं म्हणायला मलाही शिकवलं होतं. पुरत नाही."

आणि तिने दोन्ही अंडी आणखी घट्ट धरली. तेव्हा वरच्याने नेहमीसारखी लाथ मारली. ती थेट वरच्या अंड्याला लागली, आणि अंड्याच्या आतून कुणीतरी उलट टोच मारली. खालचे अंडे गप्प होते. राणीने डोळे मिटले. "ऊठ गं माझे बाई," ती पोटातल्या खालच्याला म्हणाली. मुलगी असल्याचे तिला कुणी सांगितले नव्हते. जरा वेळाने उचकी सुरू झाली, टुक, टुक, आणि खालच्या अंड्यातून तिला जबाब आला.

सोन्याची टरफले तडकली. दोन ओली पिल्ले बाहेर आली, लांब पायांवर धडपडत उभी राहिली आणि आईवर ओरडू लागली. एवढा उशीर केल्याचा त्यांना भलताच राग आला होता. टिटवी रडत होती की हसत होती, हे राणीला बोली येत असूनही कळले नाही.

"जा राणी," ती म्हणाली. "जोडी नांदू दे."

नववा महिना लागला आणि भर दुपारी राणीला कळा आल्या. पहिली मुलगी आली, वरचीच, खालचीला मागे सारून, आणि आली तीच बोंब ठोकत. मग दुसरी आली. तिने आवाज केला नाही.

येसूने तिला पालथी धरून पाठ चोळली. दाराबाहेर राजा कान लावून उभा होता. मालवती कोपरांवर उठू पाहत होती. "काय झालं? येसू, बोल काही तरी!" येसू पाठ चोळतच राहिली. राजमाता भिंतीला टेकल्या होत्या, त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मग दुसरीला एक उचकी लागली. तिने तोंड वाकडे केले, मुठी आवळल्या, आणि असा टाहो फोडला की पहिली दचकून गप्प झाली.

मालवती उशीवर कोसळली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. येसूने बाळाला पुसून राजमातांच्या हातात दिले. कोणीतरी सवयीने "उगी, उगी" म्हणाले.

"खबरदार, गप्प कराल तर!" राजमाता कडाडल्या. मग त्यांनी ते ऊन ऊन गाठोडे गालाशी धरले आणि त्या स्वतःच मोठ्याने रडू लागल्या. "रड, बाई माझी, रड. पोटभर रड."

त्या राज्यात अजूनही तान्हे बाळ रडले की कुणी लगेच गप्प करत नाही. आधी थोडे ऐकून घेतात, आणि मग पदराखाली घेतात.